नेमेलाइडची हिवाळी शिरगणती

टालिन, ३ सप्टेंबर

प्रिय हेल्यूमावशी,

धुरी दिलेले मासे पोचले, म्हणजे माझ्याबरोबरच पोचले. बसमध्ये शेजारच्या सीटवर कोणी बसायला तयार नव्हतं, त्यामुळे मी पाय पसरून आले. हिल्लारकाकांना सांग, धूर जुनिपरच्या लाकडाचा होता हे पुढच्या सगळ्या रांगांना कळलं.

मला नक्की कशाचा पगार मिळतो, असं तू मेंढ्यांना पाणी पाजताना विचारलं होतंस. मी काहीतरी पुटपुटले आणि तू म्हणालीस, "असू दे, चोरी तर करत नाहीस ना?" तर आता नीट सांगते. तार्तूच्या विद्यापीठात मी ठिपके आणि रेघा यांचं गणित करते. त्याला आलेख सिद्धांत असं भारदस्त नाव आहे, पण तुला ते जन्मापासून येतं. गाव म्हणजे ठिपका आणि दोन गावांना जोडणारी फोनची तार म्हणजे रेघ. कुठली रेघ पुसली तर कोण एकटं पडेल, एवढंच शोधायचं असतं. विणताना कुठला टाका सुटला तर सगळा हातमोजा उसवेल हे तू बघतेसच की.

हे वर्षभर मला संरक्षण खात्याच्या नियोजन विभागाने उसनं घेतलंय. हल्ली शत्रू रणगाडे घेऊन येण्याआधी तारेतून येतो. कुठेतरी लांब खुर्चीत बसून एखाद्या कंपनीच्या यंत्रांत शिरतो आणि अख्खा जिल्हा मुका करून टाकतो. अशा वेळी कुणाला दुसरी वाट हवी, हे आधीच ठरवून ठेवायचं आहे. सहा बेटांना समुद्राखालून दुसरी तार मिळणार, हे पेपरात आलंच आहे. कुठली सहा, ते ज्या हिशेबावरून ठरेल तो हिशेब माझा.

याहून जास्त मी लिहिता कामा नये. पण काकांचा मागचा फेब्रुवारी आठवला की राहवत नाही, म्हणून एवढंच लिहिते: तू काळजी करू नकोस.

याबद्दल फोनवर एक अक्षरही नको. आम्हाला कचेरीत शिरताना फोन बाहेरच्या कपाटात ठेवावे लागतात, आणि फोनचं जे काही मला इथे कळलंय त्यानंतर माझा विश्वास फक्त टपालाच्या तिकिटावर उरला आहे.

तुझी कॅर्ट

*

नेमेलाइड, १४ सप्टेंबर

शहाण्या कॅर्टला,

तुझं पत्र हिल्लारने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा मजकुरासाठी आणि दुसऱ्यांदा माशांच्या कौतुकासाठी.

मागच्या फेब्रुवारीत त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो चुलीपाशी खाली बसला, तेव्हा मी फोन उचलला आणि कॉफी उकळेपर्यंत हेलिकॉप्टर मेंढ्यांच्या कुरणात उतरलं. बरं, कॉफी कुणी उकळत नव्हतं, पण तेवढाच वेळ. अजून जरा उशीर झाला असता तर मी आज विधवा असते, असं डॉक्टरीणबाई तोंडावर म्हणाल्या. आता त्याचा डावा पाय ओढतो. जीभ मात्र पहिल्यासारखीच चालते, तिला काही झालेलं नाही. तेव्हा तार म्हणजे काय हे मला ठिपके काढून सांगू नकोस.

तू काळजी करू नको म्हणालीस, म्हणजे आपण त्या सहांत आहोत. एवढं न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? मी कोणाला सांगितलेलं नाही. फक्त एंडेलला सांगितलं. आता एंडेल गावचा पुढारी, आणि बेटावरचं एकुलतं एक दुकानही त्याचंच, तेव्हा संध्याकाळपर्यंत मेंढ्यांना सोडून सगळ्यांना माहीत झालं त्याला मी काय करू? त्याने मला कॉफीचा पुडा फुकट दिला. एंडेलने! ज्याने स्वतःच्या बहिणीकडून पिशवीचे पैसे घेतले तो!

शनिवारी सॉनाच्या वाफेत बसून बायका तुझं कौतुक करत होत्या. तुझी आई समुद्रापलीकडे तुर्कूला नोकरीला गेली तेव्हा ह्याच म्हणत होत्या की हेल्यूने बहिणीचं लोढणं गळ्यात बांधून घेतलं. आता म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. तुझी माय खणखणीत जिवंत आहे आणि दर ख्रिसमसला कार्ड पाठवते, ही गोष्ट वेगळी.

तू आमचं नाक वर केलंस, पोरी. मला फार बरं वाटलं.

हेल्यूमावशी

*

टालिन, २० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

उचलली जीभ लावली टाळ्याला! एंडेलला सांगणं आणि आकाशवाणीवर सांगणं यात फरक तो काय? चूक माझीच आहे, तुला लिहायलाच नको होतं. पण आता तरी तोंड आवर. यादी जानेवारीअखेर माझ्या हातून जाईल, वसंतात जाहीर होईल आणि तोवर काहीही बदलू शकतं.

एवढं सांगितलंच आहे तर उरलेलंही ऐक, म्हणजे अर्धवट ऐकून बाजार भरवणार नाहीस. मी प्रत्येक बेटाची एकुलती तार मनातल्या मनात तोडते आणि किती माणसं अंधारात गेली ते मोजते. माणसांचा आकडा रहिवाशांच्या सरकारी नोंदणीतून घेतला जातो. आपल्या देशात देवावर विश्वास नसला तरी चालतो, नोंदणीवर ठेवावाच लागतो. नेमेलाइडवर एकशे त्रेसष्ट माणसं, म्हणून तुमचा नंबर सहावा, शेवटचा. सातवं उल्गुसार. तिथे जेमतेम नव्वद माणसं आहेत, शाळा आहे, मुलं आहेत. मध्यंतरी तिथल्या शाळेच्या बाईंचा आम्हाला अर्ज आला होता. मुलांनी खाली आपापल्या सह्या केल्या होत्या, एकाने सहीऐवजी सील मासा काढला होता. मी तो बाजूला ठेवला. आकडा तो आकडा.

तुम्ही वर आहात याचा मला आनंद झाला, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. कर्नल तामेर, म्हणजे माझे वरिष्ठ, यांच्यापासून मात्र लपवते.

काकांना चालायला लाव. नुसते चुलीजवळ बसू देऊ नकोस.

तुझी कॅर्ट

*

नेमेलाइड, १२ नोव्हेंबर

कॅर्ट,

तोंड आवरलं आहे. आता फक्त खाण्यासाठी उघडते.

परवा मार्टीनची रात्र झाली. लहान पोरं बेटावर उरली नाहीत, म्हणून हल्ली आम्ही म्हातारेच सोंगं घेतो. हिल्लारने कातड्याचा कोट उलटा घातला, तागाची दाढी लावली आणि काठी आपटत पुढे निघाला. ओढणारा पाय सोंगाला इतका शोभला की शेजारची माइमू म्हणाली, "मार्टीनबाबा यंदा खराच आलाय." मी बाबाची बायको झाले होते. दरवर्षीसारखी दाण्यांची पिशवी भरून घेतली, घरोघरी जमिनीवर टाकायला, पुढच्या साली भरभराट व्हावी म्हणून.

काय सांगू तुला! एका घरात गाणं म्हणायचं आणि पुढची तीन घरं अंधारी. पुन्हा एक दिवा, पुन्हा चार कुलपं. समुद्राकडच्या आळीत तर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. दाण्यांची निम्मीअधिक पिशवी तशीच परत आणली आणि कोंबड्यांना घातली. घरी आल्यावर आम्ही दोघं बोटांवर मोजत बसलो. या हिवाळ्याला बेटावर आम्ही एकोणतीस माणसं आहोत. त्यातही एंडेलची सासू धरली तर, आणि ती आता कशातच धरण्यासारखी राहिलेली नाही.

बाकीची सगळी कागदावरची मंडळी. रहिवाशांना बोटीचं तिकीट निम्म्यात मिळतं ना, म्हणून टालिनचे डॉक्टर आणि वकील उन्हाळ्यातल्या घरावर नाव लावून ठेवतात आणि सप्टेंबरात पाय लावून पळतात. तूही त्यातलीच हो! माझ्या घरात दोन माणसं राहतात आणि सरकारच्या मते तीन.

दारापर्यंत जाऊन गाणं न म्हणताच परत यायचं म्हणजे वाईट वाटतं ग. पण हिल्लार खूष होता. दाढी अजून काढत नाही.

लोकरीचे मोजे पाठवते आहे. कर्नलला दाखवू नकोस, तोही मागेल.

मावशी

*

टालिन, ९ डिसेंबर

प्रिय मावशी,

मोजे मिळाले. पत्राला उशीर झाला, माफ कर.

मी एक विचार केलाय. तू आणि काका जानेवारीपासून मेपर्यंत किनाऱ्यावर हाप्सालूला येऊन राहा. बंदराजवळ दोन खोल्यांची जागा मी बघून आले आहे, तळमजल्यावर आहे, काकांना जिना चढावा लागणार नाही. इस्पितळ समोरच आहे. मेंढ्या माइमू सांभाळेल. पैशांची चिंता नको.

का, ते विचारू नकोस. फक्त हो म्हण.

तुझी कॅर्ट

*

नेमेलाइड, १७ डिसेंबर

कॅर्ट,

नाही.

तू का ते विचारू नकोस म्हणालीस, तेव्हा मीच सांगते का ते. तुला हे घर विकायचं आहे. मागच्या वर्षी एंडेलच्या पुतण्याने असंच केलं. आधी म्हाताऱ्यांना "हिवाळ्यापुरतं" म्हणून नेलं, आणि वसंतात टालिनची एक बाई फीत घेऊन अंगण मोजायला आली. म्हाताऱ्याने तिथे खिडकीतून पार्किंग बघत बघत प्राण सोडला.

तुला घर हवं तर सरळ मागायचं. तळमजल्याचं गाजर कशाला दाखवतेस? हिल्लारला लोक खुर्चीत बसवून ठेवायला बघतात म्हणून तो चिडतो, आणि आता तूही त्यांच्यातली. परक्यांच्या राज्यात सीमेचे शिपाई परवान्याशिवाय बेटावर पाऊल ठेवू देत नव्हते, रात्री होड्यांना साखळ्या घालत होते, तेव्हासुद्धा आम्ही हललो नाही. आता भाचीच्या सांगण्यावरून हलू?

तुझी आई निघाली तेव्हा तिनेही असंच "का ते विचारू नकोस" म्हटलं होतं. शेवटी तू आईवरच गेलीस.

ख्रिसमसला डुकराच्या मांसाचं सुल्ट थिजायला लावलं आहे. यायचं तर ये, नाही तर नको येऊस.

हेल्यू

*

टालिन, ५ जानेवारी

मावशी,

मी आले नाही, कारण तुझ्यासमोर बसून सुल्ट खात गप्प राहणं मला जमलं नसतं. आईवर गेलीस हे तू लिहिलंस ते मला फार लागलं. म्हणून का ते सांगते. हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक.

घर मला नको आहे. तुझं मार्टीनच्या रात्रीचं पत्र आल्यापासून मला झोप नाही. तू हसत हसत लिहिलंस की तुम्ही एकोणतीस आहात. माझ्या हिशेबात तुम्ही एकशे त्रेसष्ट आहात, आणि त्याच जोरावर सहावे आहात. एकोणतीस घातले तर तुम्ही कुठल्या कुठे खाली जाता आणि दुसरी तार उल्गुसारला मिळते. तिथली नव्वद माणसं खरी आहेत. मी मागच्या जानेवारीतल्या विजेच्या वापराशी ताडून पाहिलं. तिथे प्रत्येक घरात चूल पेटते.

हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही आणि येणारही नाही. आपल्याकडे नोंदणीला खोटं कोण म्हणणार? कर्नल तर तिच्यापुढे टोपी काढतात. मी गप्प बसले तर तुम्हाला तार मिळेल. मी बोलले तर काकांना पुन्हा काही झालं आणि नेमकी तेव्हाच ती एकुलती तार बंद असली तर... वाक्य मला पुरं करता येत नाही.

म्हणून हाप्सालूचं घर. मला वाटलं, तुम्हाला आधी हलवावं आणि मग खरा आकडा घालावा. म्हणजे माझी कातडीही वाचेल आणि मनही. ते तुझ्याशी सरळ नव्हतं.

जानेवारी संपेपर्यंत मुदत आहे. तू मला वाढवलंस. मी काय करू, सांग.

कॅर्ट

*

नेमेलाइड, १७ जानेवारी

कॅर्ट, माझ्या बाळा,

घराबद्दल जे बोलले ते मागे घेते. आईबद्दलचंही. ते लिहिताना माझा हात झडला कसा नाही!

बोट आठवडाभर बंद आहे. समुद्र धड पाणी नाही आणि धड बर्फही नाही, तेव्हा टपालाची पिशवी दुकानात पडून राहणार. तरी लिहिते, कारण मनात ठेवलं तर फुटेन.

सोमवारी फोन गेले. कुणीतरी कुठूनतरी कंपनीच्या यंत्रांत शिरलं म्हणतात, ते तुला माझ्याहून जास्त माहीत असेल. किनाऱ्यावर तासाभरात सगळं सुरू झालं म्हणे, त्यांना दहा वाटा आहेत. आमची एकच, ती दोन दिवस मेली होती. आणि पहिल्याच दुपारी हिल्लारच्या छातीत दुखायला लागलं. मी फोन उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. एंडेल होड्यांच्या शेडमध्ये धावला, पण होड्या हिवाळ्यासाठी कधीच वर ओढलेल्या आणि त्यांच्यातल्या रेडिओच्या बॅटऱ्या काढून ठेवलेल्या. मी सॉना तापवला, त्याच्या उबदार बाहेरच्या खोलीत हिल्लारला निजवलं आणि त्याचा हात धरून बसले. तो म्हणाला, "हेल्यू, रडतेस काय, मेंढ्यांना चारा घातलास का?" संध्याकाळी दुखणं आपोआप उतरलं. काय होतं, का गेलं, कोणाला माहीत.

तू काल फोनवर विचारलंस तेव्हा मी "सगळं ठीक" म्हणाले. एंडेल शेजारी उभा होता, आणि तुलाही घोर नको म्हणून.

आता तू विचारतेस काय करू. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. शाळेच्या सहलीचे पैसे, कॉलेजचा कोट, तुझ्या आईचं नाव निघालं की तुला कुशीत घेणं, यातल्या कशाचाच मी हिशेब ठेवला नाही. आज मागते. आकड्याला हात लावू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती झाकलेलीच राहू दे. उल्गुसारची पोरं तरणी आहेत, त्यांच्या नशिबात अजून पुष्कळ तारा असतील. माझा म्हातारा एकच आहे.

हे बरोबर नाही, हे मला कळतं. तरी मागते.

मावशी

*

टालिन, १ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र अजून आलं नाही. समुद्र गोठून बर्फावरचा रस्ता उघडल्याशिवाय येणारही नाही, हे मला माहीत आहे. फोनवर मी विचारलं, "माझं मिळालं का?" आणि तू म्हणालीस, "मिळालं. लिहिलंय." त्यावर मी नुसतं "हो का नाही?" एवढं विचारू शकले असते. तेवढ्या शब्दांतून कोणत्याही हेराला काही कळलं नसतं. मी विचारलं नाही. तू काय म्हणशील याची मला भीती वाटली. तू 'खरं लिही' म्हणाली असतीस तर मी तुझ्या पदराआड लपले असते, आणि 'लिहू नकोस' म्हणाली असतीस तर मला तुझं ऐकावंसं वाटलं असतं.

काल मी कर्नलकडे गेले आणि म्हटलं, बेटांसाठी नोंदणी चालणार नाही, जानेवारीत जिथे वीज जळते तिथली माणसं धरावी लागतील. त्यांनी चष्मा काढला.

"नोंदणी खोटी आहे म्हणतेस?"

"नोंदणी खरी आहे, साहेब. माणसं खोटी आहेत. बोटीच्या तिकिटासाठी."

त्यांनी नवी यादी पुढे ओढली. मग नेमेलाइडवर बोट ठेवून म्हणाले, "हे सहावरून एकदम तळाला गेलं. हे तुला कसं सुचलं? तुझा स्वतःचा पत्ता कुठला?"

"परवापर्यंत नेमेलाइड."

 मला निघताना त्यांनी स्वतः दार उघडून दिलं. हे ते मंत्र्यांसाठीसुद्धा करत नाहीत.

मी जाण्याआधी माझं नाव तुझ्या घरावरून काढलं. दुसऱ्यांना खोटं म्हणायच्या आधी आपलं काढावं, एवढंच मनात होतं. मावशी, मी बरोबर केलं असं मला वाटतं, पण एक क्षणही बरं वाटत नाही. हाप्सालूची जागा मी सोडलेली नाही. तुम्ही आलात तर मी रोज भाकरी भाजीन, जळकी का होईना.

तुझी कॅर्ट

*

टालिन, १३ फेब्रुवारी

मावशी,

रस्ता उघडला आणि तुझं १७ तारखेचं पत्र आज मिळालं. मी कचेरीच्या जिन्यात बसून वाचलं.

ते वेळेवर आलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. ते माहीत नसण्याचीच मला लाज वाटते. तू आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंस आणि मी ते वाचायच्या आधीच मोडून बसले होते. काकांच्या छातीचं मला फोनवर का सांगितलं नाहीस ग? मी पोहत आले असते.

मला शिव्या दे, पण गप्प बसू नकोस.

कॅर्ट

*

नेमेलाइड, १९ मार्च

कॅर्ट,

मी गप्प बसले कारण रागावले होते. ज्या गाडीने माझं पत्र बर्फावरून तिकडे गेलं, त्याच गाडीने तुझं इकडे आलं. मी तुझं चुलीत टाकायला निघाले होते, हिल्लारने हातातून काढून घेतलं. मी म्हटलं, "वाच. पोरीने तुझ्या जिवाची किंमत केली." तो वाचून म्हणाला, "माझ्या एकट्याच्याच नाही. त्या पोरांच्याही जिवाची केली." मग म्हणाला, "कॉफी दे." या माणसाशी भांडताही येत नाही.

तारेचा राग आठवड्यात उतरला. मी मागितलं ते चूक होतं, हे तेव्हाही कळत होतं. पुन्हा तशीच दुपार आली तर पुन्हा तेच मागेन, हेही ऐकून ठेव. पण त्यानंतर नोंदणीतून सूचना आली, तिच्यावर सरकारी सिंहांचं चित्र, आणि खाली लिहिलेलं की या पत्त्यावर कॅर्ट आता राहत नाही. ते वाचून मी रडले. तुझा पलंग वर तसाच आहे. तुझे गमबूट दारात आहेत. तू माझ्या घरातून गेलीस हे मला सरकारने कळवायचं? तुझ्या सगळ्या गणितात तुला हे कसं दिसलं नाही ग?

यादी जाहीर झाली. सहावं नाव उल्गुसारचं. एंडेलने ती दुकानाच्या दारावर चिकटवली. रविवारी शाळेच्या खोलीत सभा बोलावली. शाळा बंद होऊन वर्षं झाली, पण बाकं तीच, आमचे गुडघे आत मावत नाहीत. एंडेल म्हणाला, "आपला आकडा टालिनला कोणी कळवला?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सप्टेंबरात मीच दवंडी पिटली होती ना.

मी उभी राहिले. म्हटलं, "मी कळवला."

माइमू म्हणाली, "हेल्यू, तू? आणि हिल्लारचं असं असताना?"

"असं असताना. मी खोटं लिहिलं असेल तर सांगा. आज सगळं बेट या खोलीत आहे. मोजा."

कुणी मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती, मागची बाकं रिकामी दिसत होती. एंडेल म्हणाला, "उन्हाळ्यात आपण तीनशे असतो." हिल्लार म्हणाला, "उन्हाळ्यात मला काही होत नाही."  मग एंडेलने रेडिओच्या बॅटऱ्यांचं काय करायचं त्यावर बोलणं काढलं. आता एक रेडिओ हिवाळाभर दुकानात चालू ठेवायचं ठरलं आहे. हे एवढं आधी कोणाला सुचलं नव्हतं, आपल्याला तार मिळणारच म्हणून सगळे निर्धास्त होते.

तुझं नाव मी घेतलं नाही. पण लोक खुळे नाहीत. त्या दिवसापासून माझ्याशी कोणी बोलत नाही. एंडेल पाव कागदात गुंडाळतो, पैसे घेतो आणि खिडकीबाहेर बघतो. सॉनामध्ये मी गेले की बायकांना आठवतं की चुलीवर काहीतरी ठेवलंय. बोलतील. एकोणतीस माणसांत अबोला तरी किती दिवस धरणार? पण तोवर मला जड जातंय. मी कधी एवढं गप्प राहिले नाही.

हाप्सालूला आम्ही येणार नाही, ती जागा सोडून दे. तू मात्र ईस्टरला ये. कर्नलला सांग, मावशी आजारी आहे, वाटेल ते सांग. आल्यावर शनिवारी सकाळी, दुकानात गर्दी असते तेव्हा, माझ्याबरोबर चल. तुझ्या तोंडावर काय बोलायचं ते त्यांना बोलू दे. मला एकटीला कोणी शिवीसुद्धा देत नाही. दोघी गेलो तर निदान शिव्या तरी मिळतील.

मावशी